काम्या आणि नकुशी : 'बंद दरवाजा' साताऱ्या-सांगलीतून पाहताना

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? ठीक.

सांगलीत आम्ही दोघांनी हा विषय मांडला, तेव्हा सुरुवातीलाच एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं होतं की व्याख्यानाला विषयांचा दुष्काळ पडलाय का? रामसे बंधूंचा भुताचा सिनेमा, त्यातही 'बंद दरवाजा', आणि त्यावर तासभर बोलायचं? प्रश्न रास्त होता. रामसेपट म्हटलं की आपल्याकडे लोक आधी हसतात. पुठ्ठ्याची वटवाघळं, करकरणारं दार, पावसात भिजणारी नायिका, मध्येच जॉनी लिव्हर. आम्हीही हसतो. पण हसून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती इतकी आपल्या जिल्ह्यांची आहे की साताऱ्यात ती न सांगता जाणं बरोबर होणार नाही.

आधी सिनेमा काय आहे ते बघू. पाहिलेल्यांनी जरा धीर धरा.

'बंद दरवाजा' १९९० सालचा. दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे, कॅमेऱ्यामागे त्यांचेच भाऊ गंगू रामसे, संगीत आनंद-मिलिंद यांचं. रामसेंनी त्याआधी अठरा वर्षं भुतं, सैतान, शापित हवेल्या केल्या होत्या. पण रक्त पिणारा, शवपेटीत झोपणारा, काळा झगा घालणारा, वटवाघूळ होणारा ड्रॅक्युलाच्या जातीचा पिशाच त्यांनी इथे सरळ सरळ घेतला. त्याचं नाव नेवला. वटवाघळाच्या रूपातल्या पिशाचाला मुंगसाचं नाव का दिलं, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही. ही भूमिका करणारे अनिरुद्ध अगरवाल (पडद्यावर नाव 'अजय अगरवाल') हे रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. 'पुराना मंदिर'मधला सामरीही तेच. उंची अशी की मेकअप नंतर, भीती आधी.

गोष्ट अशी. ठाकूर प्रतापसिंह आणि त्यांची बायको लाजो. हवेली आहे, जमीन आहे, नोकरचाकर आहेत, मूल नाही. मूल नसलेल्या ठकुराणीचं त्या घरात काय स्थान असतं, हे सांगायला दिग्दर्शकांना फार रीळ खर्चावं लागत नाही. प्रेक्षकाला ते पाठच असतं. मग घरातली मोलकरीण महुआ, म्हणजे अरुणा इराणी, लाजोच्या कानाशी लागते. काळ्या पहाडीवर एक महापुरुष आहेत, त्यांच्या कृपेनं कूस उजवते. लाजो जाते. तिथे सौदा ठरतो. मुलगा झाला तर तुझा. मुलगी झाली तर आमची.

हे वाक्य नीट ऐका. साठ-सत्तर वर्षं जगभर ड्रॅक्युलाचे सिनेमे निघत होते. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ची. हॅमर कंपनीचा ख्रिस्तोफर लीचा गाजलेला रंगीत 'ड्रॅक्युला' १९५८चा, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. आपल्या शेजारी लाहोरला १९६७ साली 'जिंदा लाश' झाला, त्यात तर ड्रॅक्युला म्हणजे अमरत्वाचं औषध शोधणारा प्रोफेसर. यातल्या एकाही पिशाचानं असला सौदा केलेला आम्हाला माहीत नाही. त्यांना रक्त हवं असतं, बाई हवी असते, शिकार म्हणून किंवा बायको म्हणून. मुलगा-मुलगी हा हिशोब तिकडच्या पिशाचाला कधी सुचलाच नाही. तो सुचायला तो इकडे यावा लागला.

म्हणजे बघा, रामसेंनी परदेशातून काय काय आणलं? झगा आणला, सुळे आणले, शवपेटी आणली, लाल डोळे आणले. पण 'रक्त' या शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी इथलाच ठेवला. युरोपातल्या सिनेमात रक्त म्हणजे पिण्याचं रक्त. आपल्याकडे रक्त म्हणजे वंश. 'आमच्या रक्ताचा', 'रक्ताचं नातं', 'वंशाचा दिवा'. नेवला रक्त पितो, ते पितोच. कथा मात्र पुढे सरकते ती वारसाच्या सौद्यावर. पिशाच घरात का शिरला? पाश्चात्त्य गोष्टींत नियम असतो की बोलावल्याशिवाय पिशाचाला उंबरा ओलांडता येत नाही. फिशरच्या सिनेमात तर बाई स्वतः खिडकी उघडून वाट बघत पडते. इथे आमंत्रण कुणी दिलं? लाजोनं दिलं असं वरवर दिसतं. पण लाजोला डोंगर चढायला लावणारं घर होतं. त्या घरानं नेवल्याला कधीच बोलावलं होतं, पत्ता फक्त महुआनं सांगितला.

आमचं म्हणणं एवढंच आहे की या सिनेमातलं भय काळ्या पहाडीवरून येत नाही, ते हवेलीतून पहाडीकडे जातं. आणि सिनेमाला हे पहिल्या भागात कळलेलं आहे. नंतर त्याला त्याचीच भीती वाटली.

आता आकडे. सिनेमावरच्या व्याख्यानात आकडे आले की श्रोते चुळबुळतात, पण हे ऐकून घ्या. १९९१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ९४१ मुली होत्या, सांगलीत ९२४. दहा वर्षांनी, २००१ साली, सातारा ८७८, सांगली ८५१. शेजारच्या कोल्हापूरची गत आणखी वाईट, ८३९. हे मागासलेले, उपाशी जिल्हे नव्हेत. कृष्णाकाठ आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत, सत्यशोधक चळवळीचा वारसा आहे. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव याच सातारा जिल्ह्यात. आणि याच पट्ट्यात, पैसा आला तसा सोनोग्राफीचा पडदा आला, आणि त्या पडद्यावर बघून सौदे झाले. मुलगा असेल तर तुझा. मुलगी असेल तर...

'बंद दरवाजा' लागला तेव्हा महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. १९८८चा तो कायदा, देशातला पहिला; केंद्राचा १९९४ साली आला. म्हणजे विषय हवेत होता, विधिमंडळात होता, वर्तमानपत्रांत होता. रामसे मंडळींनी तो वाचून पटकथा लिहिली असं आम्ही म्हणत नाही. त्यांचा तसा दावाही कधी नव्हता, आणि त्यांच्याबद्दल असले मोठे दावे करणाऱ्या समीक्षेचा आम्हाला कंटाळा आहे. त्यांना प्रेक्षक कशाला घाबरतो ते अचूक ठाऊक होतं. मूल नसलेल्या बाईच्या पोटात जो गोळा येतो, तो त्यांनी ओळखला आणि त्यावर धूर सोडला, निळा दिवा मारला. कधी कधी धंद्याचं नाक अभ्यासकाच्या डोळ्यापेक्षा तिखट असतं.

धूर आणि निळा दिवा म्हटलं म्हणून त्या दिसण्याबद्दल बोलायला हवं, कारण 'बंद दरवाजा' रामसेंच्या देखण्या सिनेमांपैकी आहे. यावर हसू नका. गंगू रामसेंच्या कॅमेऱ्यात अंधार कधी नुसता काळा नसतो. एका कोपऱ्यातून निळा, दुसऱ्यातून लाल, मध्ये हिरवट धुकं, आणि त्यात नेवल्याचा झगा. हे हॅमरकडून घेतलंय, इटलीच्या भयपटांकडून घेतलंय, सगळं खरं. पण आम्हाला त्याची एक जुनी चुलत आजी सांगलीत दिसते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजेसाहेबांसमोर 'सीता स्वयंवर' केलं. पुढे त्या वळणाच्या नाटकांत राक्षसपार्टी असायची. राक्षस यायचा तो आरडाओरडा करत, पलित्यांवर राळ उडवून भपकन जाळ काढत. समोरच्या प्रेक्षकातली पोरं रडायची, बायका पदर तोंडावर घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गावात चर्चा राक्षसाचीच. देवपार्टीची गाणी लोक आदरानं ऐकायचे, पण जागे राहायचे ते राक्षसासाठी. नेवल्याचा प्रवेश बघा एकदा त्या नजरेनं. संवाद जवळजवळ नाहीत, आधी आवाज, मग जाळ, मग उंची. राळेच्या जागी धुराचं यंत्र आलं, एवढंच.

सातारकरांचा मान यात वेगळा आहे. रामसेंच्या भयपटांची सुरुवात झाली 'दो गज जमीन के नीचे'पासून, १९७२ साली, आणि तो चित्रित झाला आपल्या महाबळेश्वरला. ही कहाणी सिनेमावाल्यांत प्रसिद्ध आहे. त्याआधी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा त्यांचा सिनेमा पडला होता. पण त्यात पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रसंग बघायला लोक येतात, आणि तो संपला की उठून जातात, हे भावांनी थिएटरात बसून पाहिलं. मग ठरलं, सगळा सिनेमाच तसला करायचा. पैसे नव्हते. अख्खं कुटुंब आणि मोजकी माणसं बसमध्ये घालून महाबळेश्वर गाठलं, विश्रामगृहात मुक्काम, स्वयंपाक घरच्या बायकांचा. भाऊच लेखक, भाऊच कॅमेरामन, भाऊच ध्वनिमुद्रक. सेट कशाला हवा? इंग्रजांनी बांधलेले जुने बंगले होते आणि धुकं फुकट होतं. हिंदी भयपटाच्या एका अख्ख्या घराण्याचं बारसं आपल्या घाटमाथ्यावर झालं, आणि महाबळेश्वरच्या एकाही पर्यटन फलकावर त्याचा उल्लेख आम्ही पाहिलेला नाही. असो. स्ट्रॉबेरीपुढे भुतांना कोण विचारतो.

हे सिनेमे कुणी पाहिले, तेही महत्त्वाचं. मुंबईच्या मोठ्या थिएटरांसाठी ते नव्हतेच. त्यांचा पैसा यायचा तालुक्याच्या गावातून, एकपडदा टॉकीजमधून, आणि जत्रेतल्या तंबूतून. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाहिली आहे त्यांना तो तंबू, तो कर्णा, तो ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर आठवत असेल. त्या व्यवसायाच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा सुंदर माहितीपट केलाय, २०१६चा, जरूर बघा. अशा तंबूत बऱ्याचदा बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसायचे. आता कल्पना करा, त्या बायकांच्या बाजूला 'मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर आमची' हे ऐकू आलं असेल तेव्हा काय झालं असेल? त्या किंचाळल्या असतील असं आम्हाला वाटत नाही. गप्प झाल्या असतील. त्यांच्यातल्या कितीकींनी हा सौदा सुळे नसलेल्या माणसांबरोबर केलेला असेल.

तेव्हाच्या मराठी घरंदाज सिनेमानं हा विषय कसा हाताळला? 'बंद दरवाजा'नंतर पुढच्या वर्षी 'माहेरची साडी' आला. अलका कुबल. साताऱ्या-सांगलीत तो किती चालला हे इथल्या बसलेल्यांना सांगायला नको. काहींनी तीनदा पाहिला असेल आणि तीनदा रुमाल भिजवला असेल. त्यातही नकोशी लेक आहे. जन्मताच आई गेली म्हणून बाप तिला पांढऱ्या पायाची समजतो. पण तो सिनेमा तिला इतकी सहनशील, इतकी देवघरातली करतो की आपण रडतो आणि मोकळे होतो. रडण्यात एक सोय असते. रडून घरी गेलं की सासूच्या जागी सासू आणि सुनेच्या जागी सून. भीतीत ती सोय नाही. घाबरलेलं माणूस घरी जाऊन आधी दाराची कडी बघतं.

तर लाजोला मुलगी होते. आणि इथे सिनेमातला सर्वांत धाडसी क्षण आहे, नेवल्याच्या एकाही दर्शनापेक्षा धाडसी. लाजो मुलगी द्यायला नकार देते. जी बाई घराच्या दबावाखाली डोंगर चढून गेली, जिनं सौद्याला मान हलवली, ती पोर हातात आल्यावर म्हणते, नाही. त्याची किंमत ती जिवानं मोजते. ठाकूर मग तलवारीच्या आवेशात पहाडीवर जातो, नेवल्याला मारतो, पोरीला परत आणतो. पोरीचं नाव काम्या.

इथपर्यंत सिनेमा लाजोचा आहे. यानंतर तो तिच्या हातून काढून घेतला जातो.

काय होतं बघा. काम्या मोठी होते. भूमिका कुनिकाची. श्रीमंत, हट्टी, जे हवं ते मागणारी. तिला कुमार आवडतो, कुमारला सपना आवडते. काम्या ऐकत नाही. कुमार मिळावा म्हणून ती काळ्या जादूकडे वळते, काळ्या पहाडीकडे जाते, आणि नेवला पुन्हा जिवंत होतो. म्हणजे आईनं प्राण देऊन जी मुलगी पिशाचापासून वाचवली, तीच पिशाचाला परत आणते. सिनेमा जणू कुजबुजतो की बघा, ठेवून घेतली आणि काय झालं! दिली असती तर बरं होतं.

हा आमचा या सिनेमावरचा खरा राग आहे. भुतं खोटी दिसतात, गाणी मध्येच येतात, विनोद फुसके आहेत, त्याचं काही वाटत नाही. पण ज्या पोरीला जगण्याचा हक्क मिळवून दिला तिलाच कथेनं दोषी ठरवावं? आणि दोष कोणता, तर तिला इच्छा आहे. सपनालाही कुमार हवाय, पण सपना मागत नाही, ती मिळण्याची वाट बघते. म्हणून ती नायिका. काम्या मागते, म्हणून ती व्हॅम्प. या शब्दाचं मूळ माहीत असेल तुम्हाला. १९१५च्या 'अ फूल देअर वॉज' या मूकपटातल्या थीडा बारापासून पुरुषाला नादी लावणाऱ्या बाईला 'व्हॅम्प' म्हणायला लागले, आणि तो शब्द आहे 'व्हँपायर'चा तुकडा. म्हणजे हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं कॅबरे करणारी, सिगारेट ओढणारी, 'वाईट' बाई ही नावानं अर्धी पिशाचच होती. 'बंद दरवाजा'त ते वर्तुळ पुरं झालं. पिशाचाच्या सिनेमात व्हॅम्प आली आणि दोघं एका बाजूला उभे राहिले.

सांगलीत हे बोलताना एका ताईंनी आम्हाला थांबवून आठवण करून दिली ती सांगतो. सांगलीतल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी नव्वदीच्या दशकात आपली संघटना बांधली, संग्राम संस्थेच्या कामातून. नाव ठेवलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा. व्हॅम्प. ज्या शब्दानं पडद्यावर बाईला पिशाच केलं, तो शब्द सांगलीच्या बायकांनी उचलून स्वतःच्या पाटीवर लावला. सिनेमाची अशी समीक्षा आम्हाला तरी लिहिता आली नसती.

आणखी एक हातचलाखी आहे, ती महुआची. दोष कुणाचा, तर मोलकरणीचा. ती कट रचते, ती लाजोला नेते, तीच घात करते. ठाकूर स्वच्छ. हवेली स्वच्छ. वारस हवा ही इच्छा कुणाची होती, हे कथा पहिल्या भागातच विसरून जाते, आणि सगळं पाप गरीब बाईच्या आणि डोंगरातल्या टोळीच्या माथी मारून मोकळी होते. बाहेरचा, खालचा, काळा तो राक्षस; आणि वरचा, गोरा, बंदूकवाला ठाकूर तारणहार. रामसेंच्या बहुतेक सिनेमांत हे आहे. आपल्या गावच्या भुतांत, गंमत म्हणजे, हे एवढं नसतं. मुंजा कोण? लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ कोण, अळवंत कोण? बाळंतपणात मेलेली बाई. आपली भुतं घरातलीच असतात, घरानं केलेल्या नाहीतर न केलेल्या गोष्टींची असतात. म्हातारीनं सांगितलेल्या हडळीच्या गोष्टीत त्या बाईचं सासर कोणतं हेही सांगितलेलं असतं. नेवला मात्र कुणाचाच कोणी नाही. झगा घालून बाहेरून आलेला असल्यामुळे घरातल्या कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

आता एक आक्षेप, तो साताऱ्यात येणारच. असले सिनेमे अंधश्रद्धा पसरवतात. डॉक्टर दाभोलकर याच गावचे. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली, पुढच्याच वर्षी 'बंद दरवाजा' आला. आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि तो कुठे लागू पडतो तेही नेमकं सांगता येतं. सिनेमात लाजो पहाडीवर जाते आणि तिला खरंच दिवस जातात. म्हणजे बाबाची शक्ती खरी! खऱ्या आयुष्यात बाबाकडे शक्ती नसते, बंद खोली असते. सिनेमानं बाबाला प्रमाणपत्र देऊन टाकलं, हा त्याचा गुन्हा. पण दुसरी बाजूही आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत कोणकोणती कृत्यं गुन्हा आहेत ते दिलंय. त्यात एक असं आहे की मूल होत नसलेल्या स्त्रीला अलौकिक शक्तीनं मातृत्व देण्याचं आश्वासन देऊन तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणं. दुसरं, गर्भातल्या मुलाचं लिंग बदलून देण्याचा दावा करणं. हे वाचताना आम्हाला नेवल्याचा पहिला प्रसंगच समोर दिसला. कायद्याला जे कलमात लिहावं लागलं, ते महाराष्ट्रात घडत होतं म्हणूनच लिहावं लागलं. तेवीस वर्षं आधी ते पडद्यावर सुळे लावून दिसलं होतं. आपण म्हणालो, काय फालतू सिनेमा!

म्हैसाळचं नाव घेणं टाळता येणार नाही. मार्च २०१७. मिरज तालुक्यातलं गाव. बेकायदा गर्भपातात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला, त्याचा तपास करताना पोलिसांनी ओढ्याजवळची जमीन उकरली, आणि पिशव्यांत बांधून पुरलेले १९ भ्रूण सापडले. रामसेंच्या पहिल्या भयपटाचं नाव काय होतं ते मघाशी सांगितलं आहे. पुन्हा उच्चारत नाही. त्या बातमीत धुकं नव्हतं, घुबड नव्हतं, दवाखान्याची पाटी होती. नेवल्याला मारायला ठाकूर तरी पहाडीवर गेला. इथे त्या दवाखान्यापर्यंत बायकांना गाडीत बसवून घरचीच माणसं आली होती.

याविरुद्ध काम करणारी माणसंही याच मातीतली, हेही सांगायला हवं. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांचं दलित महिला विकास मंडळ १९९० पासून उभं आहे. गरोदर बाईला बरोबर घेऊन, छुपा कॅमेरा लावून, गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना पुराव्यानिशी पकडून देण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यातली एक गोष्ट सिनेमावाले म्हणून फार भावते. इथे कॅमेरा बंद दरवाज्याच्या आत गेला आणि जे तिथे कुजबुजत बोललं जायचं ते बाहेर ऐकू आलं.

आता नावाकडे येतो. शीर्षकात दोन नावं आहेत.

ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं एक कार्यक्रम घेतला. जिल्ह्यात 'नकुशी', 'नकुसा' अशी नावं असलेल्या मुली शोधल्या गेल्या. तिसरी-चौथी मुलगी झाली की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून हे नाव ठेवायचं, अशी चाल. देवाला कळावं की ही नको होती. अशा २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. काही लहान होत्या, काही कळत्या वयाच्या. वर्गात हजेरीला रोज 'नकुशी' ऐकून 'हजर' म्हणणाऱ्या मुली. 'नको' अशी हाक आली की 'आहे' असं उत्तर द्यायचं, रोज सकाळी.

आणि लाजोच्या मुलीचं नाव काम्या. काम्य म्हणजे हवंहवंसं, जिची इच्छा धरली ती. लेखकानं हे मुद्दाम ठेवलं असेल का? आम्हाला शंका आहे. 'काम्या'त जरा मादकपणा वाटतो म्हणून ठेवलं असणार. पुढे तिला व्हॅम्प करायची होतीच. पण गोष्टीच्या आत, ते नाव कुणी ठेवलं असेल याचा विचार आम्ही बराच केला. वारस हवा असलेल्या घरात, सौद्यात हरलेली, मुलगी म्हणून जन्मलेली पोर. तिला 'हवीशी' म्हणणारं त्या हवेलीत लाजोशिवाय कोण होतं? आम्ही तरी ते नाव लाजोच्या खात्यावर लिहितो. मग पुढच्या दोन तासांत सिनेमा त्या पोरीला हळूहळू नकुशी करत नेतो. काम्याला कथेतून काढून टाकल्याशिवाय सपनाचं लग्न लागत नाही, तशी रचनाच आहे. २८५ मुलींच्या बाबतीत उलट झालं, नकुशीची काहीतरी हवीशी झाली. कागदावर झाली, हे मान्य. घरी जाऊन जुन्याच नावानं हाका मारल्या गेल्या नसतील असं कोण म्हणेल? तरी शाळेच्या दाखल्यावर नाव बदलणं ही छोटी गोष्ट नाही. दाखल्यावरचं नाव पुढे जमिनीच्या कागदावर जातं, आणि वारसाचा सगळा खेळ जमिनीच्या कागदाचाच तर आहे.

त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की काही मुलींनी नवं नाव म्हणून 'ऐश्वर्या' निवडलं. नटीचं नाव. काहींनी सावित्री. सिनेमानं या मुलींना काय दिलं असं आम्हाला कुणी विचारलं तर हे सांगावं लागेल, की पिशाचाचा सौदा दिला, व्हॅम्प दिली, आणि एक नावही दिलं.

बराच वेळ बोललो. आता 'बंद दरवाजा'ची पहिली काही मिनिटं इथे पडद्यावर लावतो आहोत, लाजो नकार देते तिथपर्यंत. पुढचं घरी बघा, नाही बघितलं तरी चालेल. बघताना नेवल्याकडे लक्ष जाणारच, त्यासाठीच त्याला एवढं उंच केलंय. पण जमलं तर एकदा हवेलीतल्या इतर माणसांचे चेहरे बघा; ती जेव्हा मुलाबद्दल काहीच बोलत नाहीत, तेव्हाचे. रामसेंचे सिनेमे बहुधा 'ए' प्रमाणपत्राचे, तेव्हा लहान मुलं आली असतील तर त्यांना जरा बाहेर चहाच्या टेबलाजवळ न्या. दिवे घालवा, कुणीतरी. प्रश्न नंतर घेऊ.